औषध हातात देणारी शेवटची व्यक्ती : परिचारिकांविषयीचे आपले अनुभव लिहावेत

जुळे_सोलापूरकर :
शेजारच्या काकूंना परवा रुग्णालयातून घरी सोडले. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर डिगॉक्सिनचे नाव वाचले आणि वडिलांच्या आजारपणातील एक सकाळ आठवली. हृदय अशक्त झाल्यामुळे त्यांना हीच गोळी चालू होती. वॉर्डातील सिस्टर ती देण्यापूर्वी रोज छातीवर स्टेथोस्कोप ठेवून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट ठोके मोजत असत. त्या सकाळी त्यांनी ठोके मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि गोळी पाकिटात परत ठेवली. "काका, ठोके साठाच्या खाली असले की ही गोळी देत नसतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही," असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून घेतली, तेव्हा मूत्रपिंडाचे काम मंदावल्यामुळे औषध अंगात साठत चालल्याचे लक्षात आले आणि मात्रा कमी करण्यात आली.

गोळी केसपेपरवर रीतसर लिहिलेली होती. ती देऊन सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या असत्या, तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. लिहिलेले औषध या माणसाला या घडीला चालेल का, हे पाहणारे शेवटचे डोळे परिचारिकेचे असतात, असे माझे ठाम मत आहे. आपणही आपले अनुभव लिहावेत.

निवृत्त_सिस्टर :
योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच सूत्रे आम्हाला शिकताना पाठ करून घेतली जात. यांतील पहिलेच सूत्र सोलापुरात अवघड असते, कारण ग्रामदैवताच्या नावावरून ठेवलेले सिद्धाराम एकाच वॉर्डात दोघे-तिघे सहज सापडतात. "तुम्हीच सिद्धाराम ना?" असे विचारले, तर तापाने ग्लानीत असलेला माणूस कशालाही मान डोलावतो, म्हणून "तुमचे पूर्ण नाव सांगा" असेच विचारायचे आणि ते केसपेपरशी ताडून पाहायचे. आमच्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूल इतर इंजेक्शनांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवत असू. ते औषध सलाइनमध्ये मिसळून, सावकाश द्यावे लागते. सरळ शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते.

नातेवाइकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. सिस्टर ट्रॉलीपाशी औषध भरत असताना त्यांना हाक मारू नये. चादर बदलण्याची गोष्ट पाच मिनिटे थांबू शकते.

पूर्वभागातली_लेक :
आमच्या आईने उभे आयुष्य विड्या वळल्या आणि तिला तेलुगू सोडून दुसरी भाषा धड येत नाही. संधिवातासाठी तिला मेथोट्रेक्झेट सुरू केले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. डॉक्टरांनी मराठीत सांगितले आणि आईने "हो" म्हटले. तिला ते समजलेले नाही, हे बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरच्या ध्यानात आले. त्यांनी आईला अम्मा म्हणत तेलुगूत सगळे समजावले, गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने "फक्त सोमवार" असे माझ्यासाठी लिहिले आणि मग आईलाच विचारले, "आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घ्यायची?" आईने बरोबर उत्तर दिल्यावरच त्यांनी पाकीट तिच्या हातात ठेवले.

होटगी_रोड :
माझ्या भावाला क्षयरोगाची औषधे चालू होती. लघवी लालसर होईल, ती त्यातील रिफाम्पिसिनमुळे होते, घाबरून गोळ्या सोडू नका, असे आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. यंत्रमागावर त्याच्या शेजारी काम करणाऱ्या एकाने मात्र तेवढ्याच भीतीने औषधे मध्येच सोडली होती, कारण त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

निवासी_डॉक्टर :
रात्री तातडीच्या वेळी फोनवरून औषध सांगावे लागते. आमच्या वॉर्डातील एक ज्येष्ठ सिस्टर ऐकलेले औषध आणि मात्रा मोठ्याने परत म्हणून दाखवतात आणि आकडा इंग्रजीत असेल तर "एक-पाच की पाच-शून्य?" असे विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी हे फोनवर सारखेच ऐकू येतात. नंतर त्या आदेशाखाली माझी सही घेतात. काही वरिष्ठांना असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, याचे मला वाईट वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी मोहीम हाती घेतली. पण परिचारिकेला न घाबरता प्रश्न विचारता येत नसेल, तर त्या मोहिमेचा वॉर्डात काही उपयोग होणार नाही. रात्रपाळीला एकाच सिस्टरवर संपूर्ण वॉर्ड सोपवला जातो, तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून काम करणारी व्यक्तीही थकून जाते.

विजापूर_रोड_वाचक :
निवृत्त सिस्टर, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आईला घरी इन्सुलिन मी देतो. मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या सिरिंज दिसतात. कोणती घ्यावी?

निवृत्त_सिस्टर :
आधी बाटलीवरचा आकडा वाचावा. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतील, तर ४० ची, लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिट असतील, तर १०० ची, केशरी टोपणाची लागते. टोपणाच्या रंगावर विसंबू नये, सिरिंजवरचा आकडाही वाचावा. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पुढच्या वेळी दाखवायला जाल, तेव्हा बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्यावीत आणि तिथल्या सिस्टरसमोर एकदा भरून दाखवावे.

विजापूर_रोड_वाचक :
आताच पाहिले. बाटलीवर आणि सिरिंजवर, दोन्हींवर ४० आहे. शनिवारी तपासणी आहे, तेव्हा दोन्ही घेऊन जातो.