तापाच्या पेशंटमध्ये सुरुवातीचा एचआयव्ही: विचारायचं कसं, टेस्ट कोणती? (मदत हवी आहे)

नमस्कार. तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. पावसाळ्यात ओपीडी म्हणजे तापाची रांग, आणि डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, नाहीतर ‘व्हायरल’ यातच सगळे बसवले जातात. पण मधूनच एखादा तरुण येतो: ताप, घसा लाल, छाती-पाठीवर पुरळ, मानेत गाठी. डेंग्यू निगेटिव्ह. थोड्या दिवसांत बरा होतो, पुन्हा फिरकत नाही.

संसर्गानंतर साधारण २ ते ४ आठवड्यांनी एचआयव्हीचं पहिलं दुखणं असंच दिसतं. रक्तात विषाणू तेव्हाच भरमसाट असतो, म्हणजे जोडीदाराला लागण व्हायचा धोकाही तेव्हाच जास्त. आणि नेमकी तेव्हाच साधी अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

माझी खरी अडचण टेस्टच्या आधीची आहे. पेशंटबरोबर आई, काका, कधी शेजारीही आत येतात. कंपाउंडर त्याच आळीतला. अशा वेळी विषय काढता कसा? आणि केसपेपरवर काय लिहिता? तो घरी चारजण वाचतात.

प्रतिसाद:
डॉक्टर, मी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणीचं सरकारी केंद्र) समुपदेशक आहे. तपासायच्या निमित्ताने बाकीच्यांना बाहेर बसवा. ‘तापाच्या सगळ्यांनाच विचारतो’ म्हणून सुरुवात केली की पोरगं बिचकत नाही. संबंधांबरोबर सुईने घेतलेल्या नशेचंही विचारा, ते हमखास राहून जातं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे समजावून संमती घेतल्याशिवाय टेस्ट नको. केसपेपरवर नुसतं ‘रक्त तपासणी’ पुरे.

टेस्ट चौथ्या पिढीची सांगा. त्यात अँटीबॉडीसोबत पी-२४ अँटिजेनही (विषाणूचंच प्रथिन) पाहतात. शिरेतलं रक्त लॅबला दिलं तर संसर्ग १८ ते ४५ दिवसांत सापडतो. बोटातल्या रक्ताच्या रॅपिड अँटीबॉडी टेस्टला ९० दिवसही लागू शकतात. निगेटिव्ह आली तरी पुन्हा कधी यायचं ती तारीख हातात द्या. पॉझिटिव्ह आली तर आमच्याकडे पाठवा, खात्री केल्यावर एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) मोफत सुरू होते, सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकार-पेशींची संख्या) किती का असेना. आणि कुणी धोका घडल्यावर ७२ तासांच्या आत आलं, तर टेस्टची वाट न बघता पेपसाठी (लागण टाळायला धोक्यानंतर द्यायची औषधं) लगेच एआरटी केंद्राकडे धाडा.

मूळ धागाकर्ता:
आभारी आहे, मॅडम. बाहेर बसवायची युक्ती उद्यापासूनच. चौथ्या पिढीची टेस्ट तालुक्याच्या लॅबमध्येच होते, की सॅम्पल बाहेर जातं? रिपोर्ट फोनवर न सांगण्याचं लॅबवाल्यांना कसं पटवलंत?