विजेचा पंखा बसवल्यापासून चावी बंद केली तरी इंजिन क्षणभर चालूच राहते

जुनेचाक:
माझी चार सिलिंडरची गाडी १९६० च्या दशकातील असून तिला १२ व्होल्टची पॉझिटिव्ह अर्थ पद्धत (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले) आणि २२ अँपिअरचा डायनॅमो (इंजिनावर फिरणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) आहे. रहदारीत रेंगाळताना इंजिन तापत असे, म्हणून मी मूळचा, पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा बसवला. त्याच्या पाकिटावर ९ अँपिअर असे लिहिले आहे. इग्निशन कॉइलला जाणाऱ्या वायरमधून १ चौरस मिलिमीटरची जोडवायर काढून ती डॅशबोर्डवरील बटणातून पंख्याला दिली आहे. पंखा फिरतो, पण तीन गोष्टी खटकतात. बटण हाताला चटका बसेल इतके तापते, इंजिन मंद चालत असताना पंखा लावला की हेडलाइट मिणमिणतात, आणि सर्वांत विचित्र म्हणजे पंखा चालू असताना चावी बंद केली तरी इंजिन एक-दोन सेकंद चालूच राहते. कार्ब्युरेटरमध्ये दोष असेल का?

तारजोड:
कार्ब्युरेटरचा येथे काहीही संबंध नाही. इंजिन चालू ठेवणारा आपला पंखाच आहे. त्याच्या मोटरमध्ये कायमचुंबक असतो, त्यामुळे वीज तोडल्यावरही पाती फिरत असेपर्यंत ती मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करते. आपण पंखा आणि कॉइल एकाच वायरवर जोडले आहेत, म्हणून चावी बंद झाल्यावर ही वीज बटणातून उलटी कॉइलकडे जाते, ठिणगी पडत राहते आणि पाती मंदावल्यावरच इंजिन थांबते. खात्री करायची असल्यास आधी पंख्याचे बटण बंद करा आणि मग चावी फिरवा. इंजिन तत्काळ थांबेल.

उपाय रिलेचा आहे, म्हणजे थोड्या विजेने चालून मोठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा. बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टोकाकडून ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिच्यावर १५ अँपिअरचा फ्यूज बसवा आणि ती रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला द्या. ८७ वरून पंखा, ८६ ला चावीनंतरची (चावी चालू असतानाच वीज देणारी) बारीक वायर, आणि ८५ वरून निघालेली वायर तापमानाच्या स्विचमधून (पाणी ठरावीक अंशाला तापले की आपोआप लागणाऱ्या) बॉडीला. डॅशबोर्डवरील बटण ठेवायचेच असेल तर ते तापमानाच्या स्विचला समांतर जोडा, म्हणजे तो स्विच बिघडला तरी पंखा हाताने लावता येईल. रिलेच्या गुंडाळीला जेमतेम ०.२ अँपिअरच्या आसपास वीज लागते, त्यामुळे बटण पुन्हा तापणार नाही. चावी बंद होताच रिले सुटतो आणि पंख्याने निर्माण केलेल्या विजेला कॉइलकडे जायला वाटच उरत नाही. मात्र ३० क्रमांकाची वीजही चावीनंतरच्या वायरवरून घेतलीत तर रिले बसवूनही हाच दोष परत येईल. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे.

पॉझिटिव्ह अर्थबाबत दोन गोष्टी सांभाळा. पंख्याची धन वायर बॉडीला आणि ऋण वायर रिलेकडे गेली पाहिजे, नाहीतर तो उलटा फिरेल आणि हवा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी पुढे ढकलेल. दुसरे असे की काही रिलेंच्या आत ८५ आणि ८६ मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो. तसा रिले असल्यास या दोन टोकांची अदलाबदल करावी लागते, अन्यथा डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. शक्यतो डायोड नसलेलाच रिले घ्यावा.

पाणीपंप:
वायरिंगबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु डायनॅमोचा हिशेब कोणी मांडलेला नाही. इग्निशनला सुमारे ४, हेडलाइट आणि मागच्या दिव्यांना मिळून ९ ते १०, वायपरला ३ अँपिअर धरले तर पावसाळी रात्री १६-१७ अँपिअर आधीच खर्च होतात; त्यात पंख्याचे ९ मिळवले की भार डायनॅमोच्या कमाल क्षमतेच्या पुढे जातो. शिवाय २२ हा आकडा इंजिन वेगात असतानाचा आहे. मंद गतीला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते. दिवसा अर्धा तास रहदारीत अडकलात तर इग्निशन आणि पंखा मिळून साडेसहा अँपिअर-तास थेट बॅटरीतून जातील. बॅटरी चांगली असेल तर हे चालून जाते, रोज घडत असेल तर डायनॅमोऐवजी मंद गतीलाही जास्त वीज देणाऱ्या अल्टरनेटरचा विचार करावा लागेल.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. नवी असताना ही गाडी त्याच मूळ पंख्यावर रहदारीत उभी राहत होती, मग आताच का तापते? रेडिएटरच्या नळ्यांत साचलेला गाळ, सैल पट्टा किंवा मागे पडलेले इग्निशन टायमिंग तपासल्याशिवाय पंखा बदलणे मला पटत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेगातही तापमानाचा काटा चढत असेल तर दोष हवेचा नाही, कारण त्या वेगाला वाऱ्याचा झोतच पुरेसा असतो.

जुनेचाक:
मोकळ्या रस्त्यावर काटा स्थिर असतो, आणि रेडिएटर गेल्या वर्षीच उघडून साफ करून घेतला आहे. तापमानाचा स्विच कोणत्या अंशाचा घ्यावा? थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) ८२ अंशांचा आहे. गाडीला अँमीटरही (बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणारा काटा) आहे, त्याचे काय करावे?

तारजोड:
स्विच वरच्या होजमध्ये बसवणार असाल तर ९२ अंशांना लागणारा आणि ८७ ला सुटणारा योग्य ठरेल. तेथे ८० ला सुटणारा घेतला तर पंखा कधीच बंद होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला ८२ च्या खाली येऊच देत नाही. रेडिएटरच्या खालच्या टाकीत निवलेले पाणी येते, म्हणून तेथे कमी अंशाचा स्विच लागतो.

अँमीटर असल्यामुळे मी वर सांगितलेली थेट बॅटरीची जोडणी आपल्या गाडीसाठी बदलावी लागेल. पंखा बॅटरीच्या टोकावरून घेतला तर डायनॅमोकडून पंख्याला जाणारी वीजही अँमीटरमधून जाते आणि काटा ती बॅटरीचे चार्जिंग म्हणून दाखवतो. मंद गतीला पंखा बॅटरी रिकामी करत असताना तर काटा हलतही नाही. म्हणून वीज अँमीटरच्या पलीकडून, म्हणजे कंट्रोल बॉक्सच्या (डायनॅमोची वीज नियंत्रित करणाऱ्या डब्याच्या) बाजूने घ्या आणि फ्यूज त्या टोकाजवळ ठेवा.

जुनेचाक:
सांगितल्याप्रमाणे जोडणी बदलली. चावी फिरवताच इंजिन थांबते. आधी पंख्याच्या टोकांवर बॅटरीपेक्षा १.६ व्होल्ट कमी मिळत होते, आता फरक ०.३ व्होल्ट आहे आणि पंख्याच्या आवाजातही तो कळतो. मंद गतीला दिवे थोडे मिणमिणतातच, तेवढे डायनॅमोचे मानून घेतले आहे.

पाणीपंप:
मूळ पंखा काढल्यावर पाणीपंपाच्या पुलीचे बोल्ट पात्याच्या जाडीइतके लांब उरतात. ते आत घुसून पंपाला घासत नाहीत ना ते पाहा आणि घासत असल्यास आखूड बोल्ट किंवा वॉशर वापरा. पंखा जर रेडिएटरच्या जाळीतून ओवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगला असेल तर तोही काढून पत्र्याच्या ब्रॅकेटवर घ्या, कारण कंपनाने त्या पट्ट्या नळ्यांना घासून भोक पाडतात.