क्वेकर नोंदींतला ‘पहिला महिना’ कोणता?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) नोंदींत ‘१४वा दिवस, १२वा महिना, १६६५’ अशा तारखा येतात. भाषांतरात १४ डिसेंबर १६६५ असं लिहू का?

उत्तर : डिसेंबर नको. ही तारीख १४ फेब्रुवारी १६६६ आहे. जानेवारी, मार्च, थर्सडे या इंग्रजी नावांमागे जुने देव आहेत, म्हणून क्वेकरांनी ती टाकून आकडे घेतले. पण तेव्हा इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे मार्च पहिला महिना आणि फेब्रुवारी बारावा; त्यांच्या १६६५चा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६६६चा. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं मुळात लॅटिन ‘सात’ ते ‘दहा’ यांवरून आलेली. क्रमही जुळायचा, म्हणून ती बरेच जण तशीच लिहीत.

खरी अडचण १ ते २४ मार्चची. महिना पहिला, पण सरकारी वर्ष जुनंच. नोंदीत १६६५/६६ असं जोडवर्ष असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मागच्यापुढच्या नोंदी पाहिल्याशिवाय वर्ष ठरवू नका. १ जानेवारी १७५२पासून मात्र पहिला महिना म्हणजे जानेवारीच.

पुरवणी : वार लिहिलेला असेल तर ताडून पाहा. १४ फेब्रुवारी १६६६ला बुधवार होता, म्हणजे रविवारपासून मोजणाऱ्या क्वेकरांचा चौथा. १४ डिसेंबर १६६५ला गुरुवार येतो, १४ फेब्रुवारी १६६५ला मंगळवार. संगणकावर वार काढताना ज्युलियन, म्हणजे तेव्हा इंग्लंडात चालणारं जुनं पंचांग निवडा. आजच्या पंचांगात १४ फेब्रुवारी १६६६ दहा दिवस पुढे, २४ फेब्रुवारीला पडते.

आणखी एक : मराठीत ‘तिसऱ्या महिन्याचा पहिला दिवस’ लिहिलं की १ तारीख की रविवार, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजीतही हा घोळ आहेच, पण आपल्याकडे ‘वार’ हा नेमका शब्द असताना तो का सोडायचा? तारखेला ‘दिवस’, रविवारला ‘पहिला वार’ म्हणावं. गोव्यातले जुने पोर्तुगीज कागद वाचणाऱ्यांना सोमवारला ‘दुसरा’ म्हणणं नवं वाटणार नाही. सोमवारचं पोर्तुगीज नाव ‘सेगुंदा-फैरा’ तेच सांगतं.

प्रश्नकर्ता : मग मजकुरात थेट ‘फेब्रुवारी’ लिहावं?

उत्तर : नको. लिहिणाऱ्याने ते नाव श्रद्धेपोटी टाळलंय. मजकुरात ‘१२वा महिना’ ठेवा आणि ‘फेब्रुवारी १६६६’ चौकटी कंसात द्या, म्हणजे ती भर तुमची आहे हे दिसेल.