भाची जेवण टाळतेय, तिच्याशी बोलायचं कसं?

राजारामपुरीची_आत्या:
भाची दहावीला आमच्याकडं राहते. हल्ली चपाती अर्धीच, रविवारी पांढरा रस्सा केला तर वाटीवर तूप थिजेपर्यंत तशीच बसते, विचारलं तर "आत्या पोट भरलंय, मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं". आणि जेवून उठली की लगेच बाथरूम, नळ फुल सोडून. सारखं रील्स बघून कंबर मापणं चालू. सासूबाई म्हणतात नखरे आहेत, दोन रट्टे द्या. हे वयाचं आहे की दुसरं काही?

रंकाळ्यावरचा_वारा:
मिसळ खायला न्या ओ, कोल्हापुरात कोण उपाशी राहतंय 😄

नाईट_ड्युटी:
दादा, चेष्टेवारी नेऊ नका. ताई मी नर्स आहे, तो नळ मला खटकला. आवाज लपवायला नळ सोडून उलट्या काढत असेल तर बुलिमिया, म्हणजे खाऊन मुद्दाम उलट्या काढायचा आजार, असू शकतो, त्यात वजन बऱ्याचदा ठीकच दिसतं म्हणून घरात कळत नाही, पण सारख्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाळी चुकतेय का, चक्कर येते का, बोटांच्या मागं सांध्यावर वळ आहेत का बघा. आधी फिजिशियनकडं रक्त तपासणी, ईसीजी, मग मानसोपचारतज्ज्ञ. आणि उपाशी पोरीला एकदम कोंबून खायला घालायचं नाही, त्यानं रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं, ते जिवावर बेततं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात.

लाल_माती:
पोरांचं पण हाय हे. तालमीत वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, जाड स्वेटर घालून पळणारी लई बघितल्यात. आता जिममधली पोरं दंड चांगले भरलेले असून आरशात बघून "बारीकच दिसतोय" म्हणत्यात, त्याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. पण पोरगा म्हटलं की कुणाला शंका येत नाही, उलट कौतुक.

राजारामपुरीची_आत्या:
पाळीचं विचारलं, चुकलीय. पण विषय काढला की दार लावून घेते.

नाईट_ड्युटी:
ताटावर काढूच नका. गाडीवरून क्लासला सोडताना बोला, तोंडाकडं बघावं लागत नाही ना, पोरं मोकळी होतात. वजन, जाड, बारीक हे शब्द नकोत, "बारीक झालीस, छान दिसतेस" पण नको. "तू हल्ली जेवताना टेन्शनमध्ये असतीस, मला काळजी वाटते" एवढंच. ऐकलं नाही तरी पाळी चुकलीय म्हणून डॉक्टरकडं न्याच, थांबू नका. जेवताना शेजारी बसा, नंतर तासभर गप्पा, टीव्ही, काहीही, एकटी सोडू नका. सासूबाईंना पण डॉक्टरांसमोर बसवा, घरात एकानं समजावायचं आणि दुसऱ्यानं रट्टा दाखवायचा असं चालत नाही.

राजारामपुरीची_आत्या:
उद्याची अपॉइंटमेंट घेतली. सासूबाई "मी पण येते, बघू काय सांगतोय" म्हणाल्यात.