अनुभव धागा: पहिला पॉडकास्ट, पहिल्या चुका (बडोदेकरांनी जरूर लिहा)

कारेलीबागवाली
माझ्या आईची मावशी, आम्हा सगळ्यांची मोठी आजी, ९२ वर्षांची आहे. १९४९ साली बडोदा संस्थान विलीन झालं तेव्हा ती १६ वर्षांची होती. दांडिया बाजारातला वाडा, शाळेत जाता-येता दिसणारं सूरसागर, घरात मराठी, दारात गुजराती आणि दूधवाल्याशी दोन्हींची भेळ, हे सगळं ती एका दमात सांगते. ते रेकॉर्ड करून पॉडकास्ट करायचं ठरवलंय. शोधायला गेलं की माइकच्या याद्याच समोर येतात. याद्या नकोत. तुमचा पहिला भाग कुठे फसला ते लिहा.

मांडवीच्या आत
आधी पैसे कसे घालवले ते सांगतो. सुरुवातीलाच कंडेन्सर माइक घेतला. तो बारीकसारीक सगळं टिपतो. स्टुडिओत हा त्याचा गुण, आमच्या घरात मात्र वैरी. पहिल्या भागात माझ्यापेक्षा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या जास्त स्पष्ट आहेत. पाच मोजल्या, बहुधा तूरडाळ. मग मित्राचा डायनॅमिक माइक आणला. तो लांबचं फारसं घेत नाही, पण तोंड चार बोटांवर ठेवावं लागतं. आता फोन आणि कॉलरला अडकवायचा वायरचा साधा माइक, एवढ्यावरच भागतं. पहिले तीन भाग होईपर्यंत कुणी काही विकत घेऊ नये, असं माझं मत.

जुन्या घराच्या उंच छताखाली आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही, करून पाहिलंय. मी आईच्या साड्यांचं कपाट उघडं टाकतो, त्याच्याकडे तोंड करून बोलतो आणि पाठीमागे दोरीवर गोधडी टांगतो. पंखा बंद. मे महिन्यात हे किती सुखाचं असतं ते बडोदेकरांना काय सांगायचं! दहा मिनिटं बोलायचं, पंखा लावायचा, घाम पुसायचा, परत बसायचं.

अजून एक. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवा सुटते. ती थेट माइकवर आली की ‘भाकरी’चा ‘भ’ फटाका फुटल्यासारखा वाजतो. माइक ओठांसमोर नको, जरा बाजूला धरा.

फक्त वाचक
फोन विमान मोडवर टाका. मुलाखतीच्या मध्यात सासूबाईंचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. मला कळलं चाळीस मिनिटांनी. पाहुण्यांना पुन्हा बोलवायची हिंमत झाली नाही. बस, इतकंच.

मांजलपूरचा पतंग
मी उत्तरायणावर, म्हणजे आपल्या पतंगांच्या सणावर, भाग करायचा म्हणून १४ जानेवारीलाच अगाशीवर (गच्चीवर) बसलो. चारी बाजूंनी स्पीकर, पिपाण्या, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या. वातावरण म्हणून दोन मिनिटं झकास, पण त्यावर पंचवीस मिनिटं बोललेलं कुणालाच कळेना. शिवाय शेजारच्या स्पीकरवरची सिनेमाची गाणी माझ्या भागात आली आणि एका ठिकाणी तो कॉपीराइटच्या तक्रारीत अडकला. गाणं मी लावलं नव्हतं हे सांगून उपयोग नसतो.

कथा वाचून दाखवणाऱ्यांनीही हे बघावं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. आजोबांच्या कपाटातलं पिवळं पडलेलं पुस्तक म्हणजे मोकळं झालेलं, असं नाही. आता माझ्या सुरुवातीला मुलीने वाजवलेली पेटी आहे, सात सेकंद. एक सूर चुकलाय. ती म्हणते बदल, मी म्हणतो राहू दे.

सेव उसळ
माझा मुद्दा आवाजाचा नाही, बोलीचा. आमची बडोद्यातली तिसरी पिढी. ‘तू येतोस ने?’ असंच बोलतो आम्ही, ‘ना’च्या जागी गुजराती ‘ने’. पहिला भाग पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एका काकांनी लिहिलं, विषय छान, मराठी तेवढी सुधारा. मग दुसरा भाग वहीत लिहून वाचला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, बातम्या लागल्या का?

तरी खुमखुमी जाईना. ऑडासिटी (आवाज कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडून पहिल्या भागातले सगळे ‘ने’ कापायला बसलो. एकतीस निघाले, तीन तास गेले. ऐकलं तर प्रत्येक वाक्य जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखं धपकन पडत होतं. सगळे परत जोडले. आता कागदावर पाच-सहा शब्दच लिहितो आणि बोलतो. लांबलेले ‘अं’ काढतो, श्वास ठेवतो. काका अजून ऐकतात, मत देत नाहीत.

कारेलीबागवाली
@सेव उसळ, आमची मोठी आजी ‘ने’शिवाय वाक्य पुरंच करत नाही. जीव भांड्यात पडला.

अलकापुरीहून
प्रकाशित करायचं कुणी लिहिलंच नाही, म्हणून मी. स्पॉटिफायवर वेगळं, ॲपलवर वेगळं असं चढवायचं नसतं. फाइल एकाच होस्टिंगवर, म्हणजे भाग साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, ठेवायची. ते तुम्हाला आरएसएस फीडचा (तुमच्या भागांच्या आपोआप वाढणाऱ्या यादीचा) पत्ता देतं, तो बाकीच्यांना एकदाच द्यायचा. पुढचे भाग आपोआप पोचतात. स्पॉटिफायचं स्वतःचं होस्टिंग फुकट आहे, मी तेच वापरते.

मुखपृष्ठ चौरसच लागतं. ॲपलला किमान १४०० बाय १४०० आणि जास्तीत जास्त ३००० बाय ३००० पिक्सेल. मी सहलीचा आडवा फोटो दिला होता. फीडमध्ये तुमचा ईमेल लोकांना दिसू शकतो, तेव्हा वेगळा पत्ता काढा. भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. माझा पॉडकास्ट महिनाभर इंग्रजी म्हणून नोंदलेला होता. ‘भाग ३’ या नावावर कोण बोट ठेवणार? विषय नावात आणा. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून वर्णनात तेही स्पेलिंग घाला.

मूळ वेव्ह फाइल (न दाबलेलं रेकॉर्डिंग) जपा. मोनो, म्हणजे एकाच चॅनलची, असेल तर मिनिटाला साधारण ५ एमबी जागा खाते, पण एमपी३ उघडून, कापून, परत एमपी३ केली की दर वेळी आवाज उतरतो. शेवटची एमपी३ ९६ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) मोनो केली तर अर्धा तास २२ एमबीच्या आत बसतो. आणि व्हॉट्सॲपने पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

वाडीतला हिंचका
माझे सासरे. खुर्चीत बसवलं की ‘हो’, ‘नाही’, ‘बरं होतं’. हिंचक्यावर (झोपाळ्यावर) बसले की बोलतात. पण हिंचक्याच्या कड्या करकरतात. खोबरेल घातलं, करकर थांबली, आणि हे गप्प! म्हणाले, हलतोय की नाही तेच कळत नाही.

दोन दिवसांनी कड्या पुन्हा करकरू लागल्या. ऑडासिटीत आवाज काढायची सोय आहे: सुरुवातीला काही सेकंद कुणी न बोलता रेकॉर्ड करायचं, तो नमुना दाखवायचा, तो वजा होतो. पंख्याच्या घरघरीला हे लागू पडतं, कारण ती एकसारखी असते. करकर येते-जाते, तिला नाही. जास्त ओढलं तर सासरे पाण्याखालून बोलायला लागले. शेवटी माइक कॉलरला लावला, कड्या मागे गेल्या, उरलेली करकर तशीच ठेवली. एका ऐकणाऱ्याने विचारलं, हिंचका कुठून घेतला?

@कारेलीबागवाली, एक नक्की सांगते. ‘झालं’ म्हटलं की यांचं खरं बोलणं सुरू होतं. म्हणून चहा येईपर्यंत मी रेकॉर्डिंग चालू ठेवते, पण सांगून. न सांगता करू नका, घरातलं माणूस असलं तरी. आणि चढवण्याआधी त्यांना पूर्ण ऐकवते. भावकीच्या भांडणाचा एक किस्सा त्यांनी काढायला लावला, काढला. सगळ्यात रंगतदार तोच होता. असो.

कारेलीबागवाली
सगळ्यांचे आभार. गोधडी आणि वायरचा माइक तयार आहेत. आजीला रविवारी येते म्हटलं, तर म्हणाली, ये, पण मटार सोलायचे आहेत ने, सोलता सोलता बोलीन. स्टीलच्या पातेल्यात मटार पडताना माइकवर काय होतं, कुणी करून पाहिलंय का?