मदत हवी आहे : कॅप्टन कुकच्या सफरींचा जुना नकाशा

नमस्कार मंडळी. आमच्या काकांच्या संग्रहातून एक जगाचा नकाशा माझ्याकडे आला आहे. अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याच्या तिन्ही सफरींचे मार्ग त्यावर रेघांनी दाखवलेत. कोपऱ्यात हेन्री रॉबर्ट्सचं नाव आहे. रॉबर्ट्स कुकबरोबर जहाजावर होता आणि त्याचा नकाशा 1784 साली तिसऱ्या सफरीच्या वृत्तांतासोबत छापला गेला, एवढं मला माहीत आहे. पण या नकाशाच्या नंतरही बऱ्याच नकला निघाल्या, म्हणून विचारतोय.

भिंगाखाली रेघा अखंड दिसतात, ऑफसेट छपाईचे ठिपके नाहीत. कागद उजेडासमोर धरला की समांतर रेषा उमटतात. मात्र असे नकाशे तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापत, त्या पत्र्याचा कागदावर उमटलेला दाब चारही कडांना दिसायला हवा, तो मला फक्त खालच्या बाजूला जाणवतो. कडा नंतर कापल्या असतील का? की हे पुनर्मुद्रण?

दुसरं म्हणजे घडीवर कागद फाटू लागलाय. हवाईचा भाग, जिथे 1779 मध्ये कुक मारला गेला, नेमका त्याच घडीत आहे. फ्रेमवाल्याने लॅमिनेशन सुचवलं, ते मी अजिबात करणार नाही. मुंबई-पुण्यात कागदाचं जतन करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? साधारण खर्च किती येतो? तोवर नकाशा सपाट ठेवू की गुंडाळून? पावसाळ्याची दमट हवा आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. फोटो हवे असतील तर टाकतो.