सोसायटीच्या ग्रुपवर हिशोब विचारला, अब्रुनुकसानीची नोटीस आलीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

नाशिकला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. मागच्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ४ लाख ६० हजार खर्च दाखवला आणि या पावसाळ्यात आमच्या बेडरूमचं छत परत गळायला लागलं, पोपडे पडतायत, रात्री पलंगाशेजारी पातेलं ठेवून झोपतो आम्ही. बिलं आणि कोटेशन दोनदा लेखी मागितली, उत्तर नाही. शेवटी एका रात्री वैतागून व्हॉट्सॲप ग्रुपवर छताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "साडेचार लाखांचं काम हे असं? हिशोब दाखवा. चेअरमननी यात पैसे खाल्लेत."

परवा रजिस्टर पोस्टाने चेअरमनच्या वकिलाची नोटीस आली. १५ दिवसांत ग्रुपवर माफी मागा, नाहीतर १० लाखांचा दावा आणि शिवाय फौजदारी केस. नोटीस सासऱ्यांनी सही करून घेतली, तेव्हापासून ते धड जेवले नाहीत. सासूबाईंना २०१२ ची, फेसबुक पोस्टवरून झालेली पालघरच्या मुलींची अटक आठवतेय, त्या म्हणतात आता पोलीस येणार. मी त्यांना समजावलं की त्यातलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, आणि बदनामीचा गुन्हा अदखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र आहे, चेअरमनना मॅजिस्ट्रेटकडेच खाजगी तक्रार करावी लागेल. पण रद्द झालं ते ६६अ, बदनामीचं कलम नाही, ते २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या केसमध्ये कोर्टाने घटनेला धरून आहे असंच ठरवलं. जुन्या दंड संहितेतलं ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालंय, शिक्षा दोन वर्षांपर्यंतची.

अडकलेय ती पुढे. दिवाणी दाव्यात गोष्ट खरी ठरली की विषय संपतो, फौजदारीत मात्र ती खरी असून वर लोकहितासाठी बोललेली असावी लागते असं वाचलं. काम वाईट झालंय हे फोटोत दिसतंय, पण पैसे खाल्ले याचा कागद माझ्याकडे नाही, कारण कागदच तर मागत होते ना मी! आपल्या किंवा इतरांच्या हितासाठी सद्भावनेने बोललेलं चालतं असाही एक अपवाद आहे, तो माझ्या त्या वाक्याला लागेल का?

हिशोब मागितला त्याची माफी मी मागणार नाही, ४८ घरांचे पैसे आहेत ते. "खाल्लेत" हा शब्द मात्र पुराव्याशिवाय लिहिला, तेवढा मागे घ्यायची मनापासून तयारी आहे. नोटिशीच्या उत्तरात फक्त तो शब्द मागे घेऊन बाकीच्या मागणीवर ठाम राहता येतं का, की तेच उद्या कबुली म्हणून माझ्यावर उलटेल? नवरा म्हणतो मेसेज डिलीट कर, मी अजून केलेला नाही, स्क्रीनशॉट तर त्यांच्याकडे आहेतच.

आणि आता सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार दिली तर? योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी होत नाही असा अपवाद आहेच, पण नोटिशीनंतर केली तर सूडाने केली म्हणतील अशी भीती वाटते. सहकार कायद्याखाली ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं बघायचा हक्क आहे, त्यासाठी उद्या पुन्हा अर्ज देतेय, पोच घेऊनच येईन.

कोणी अशा नोटिशीला उत्तर दिलं असेल तर प्लीज सांगा, १३ दिवस राहिलेत.